चाकरमानी गावातच राहिला तर?

वर्क फ्रॉम होमवरून आपल्याकडे जी भांडणं होतात ती कंपनी आणि कर्मचारी या दोघांतलीच असल्यासारखी होतात. म्हणजे मॅनेजर म्हणणार घरी बसून लोक झोपा काढतात, कर्मचारी म्हणणार हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज दोन-तीन तास घालवून मी तिथे तरी कोणता वेगळा लॅपटॉप उघडतो, मग दोघं आपापल्या सोयीचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकणार, मध्येच कोणीतरी मोठा साहेब ९० तास काम करा, रविवारी बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघत बसणार असलं काहीतरी बोलणार (२०२५ च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांचं असं बोलणं बाहेर आलंच होतं), त्यावर चार दिवस मीम फिरणार आणि विषय संपणार. तो कर्मचारी ज्या गावातून आला त्या गावाचाही यात काही संबंध आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझं म्हणणं असं की निदान रत्नागिरी-सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांसाठी तरी हा एचआरचा विषय नाहीये. रस्ता, धरण, एमआयडीसी, मेडिकल कॉलेज यांच्याच रांगेतला हा विषय आहे, आणि आपण तो एचआरच्या एका ईमेलवर सोडून दिलाय. मेल आला की माणूस गावाला, दुसरा मेल आला की पुन्हा वाकडला पेइंग गेस्ट.

कोकणच का, तर आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या राज्याची लोकसंख्या दहा वर्षांत १६ टक्क्यांच्या आसपास वाढलेली दिसते आणि रत्नागिरी जिल्ह्याची मात्र १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरलेली. सिंधुदुर्गाचीही घटलीच. त्याच जनगणनेत रत्नागिरीत १००० पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. बाहेरच्या माणसाला वाटेल वा, काय पुढारलेला जिल्हा, पण आमच्याकडच्या कुणालाही विचारा, तो सांगेल की बाबा पुरुष मुंबईला आहेत म्हणून हा आकडा असा दिसतोय. गिरणगावात खानावळीत जेवून, गाळ्यात पाळीपाळीने झोपून ज्यांनी मनीऑर्डरी पाठवल्या त्यांच्यावर दोन जिल्हे चालले, आणि त्या बदल्यात गावाला वर्षातून गणपती, शिमगा आणि मे महिना एवढाच माणूस मिळाला. शेती कोणी केली, म्हाताऱ्यांचं कोणी केलं, तर बायकांनी. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, काहीजण परत आले, पण त्यांच्या पोरांनी पुन्हा तीच वाट धरली, फक्त परळच्या जागी आधी नालासोपारा-दिवा आलं आणि मग पुणं. मनीऑर्डरच्या जागी यूपीआय आलं. बाकी चाकरमानी तोच.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या इतिहासात नोकरी जिथे होती तिथे माणसाला जावं लागत होतं, कारण गिरणीतला साचा, म्हणजे माग, काही उचलून राजापूरला नेता येत नव्हता. लॅपटॉप नेता येतो. २०२० च्या मार्चनंतर तो नेलाही गेला, कुणी ठरवून नाही, अडकले म्हणून. आमच्या संगमेश्वर तालुक्यात तेव्हा वाडीवाडीत हे दृश्य होतं की पडवीत एक पोरगा कानाला हेडफोन लावून इंग्रजीत बोलतोय आणि मागे कोंबड्या. लोक आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा पगारही घेतोय आणि संध्याकाळी आजीला दवाखान्यातही नेतोय. आमच्या दुकानदाराच्या उधारीच्या वहीने त्या वर्षी वेगळाच रंग धरला म्हणे, कारण महिन्याच्या महिन्याला रोख देणारी गिऱ्हाईकं वाडीत राहायला आली होती.

मी हे गोड करून सांगत नाहीये. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि दापोली-मंडणगड पट्ट्यात कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, खांब आडवे, टॉवर बंद, तिथे कसलं आलंय वर्क फ्रॉम होम. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. पण वादळं होऊनही जे टिकलं, म्हणजे घरात बसून मिळणारा पगार, ते बघण्यासारखं आहे.

विकास म्हटलं की कोकणाला आजवर काय दाखवलं गेलं? लोट्यात केमिकल झोन आणला, जैतापूरला अणुऊर्जा, नाणारला रिफायनरी, ती गेली तर बारसूला. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर मातीपरीक्षणाला विरोध करत बायाबापड्या उन्हात आडव्या पडल्या होत्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. प्रत्येक वेळी युक्तिवाद एकच, की रोजगार हवा असेल तर जमीन द्या. मी रिफायनरीच्या बाजूचा की विरोधातला हे सोडा, तो वेगळा लेख होईल. पण ज्या नोकरीला एक गुंठासुद्धा भूसंपादन लागत नाही, जनसुनावणी लागत नाही, जिचं सांडपाणी खाडीत जात नाही आणि जी माणसाला त्याच्याच घरात पगार देते, अशी नोकरी आपणहून चालत दारात आली होती आणि सरकारने तिच्यासाठी काय केलं, तर काही नाही. ना एखादी योजना, ना साधी नोंद की कोणत्या तालुक्यात किती जण असे काम करतायत. एमआयडीसीच्या एका शेडचं उद्घाटन असतं तर पालकमंत्री आले असते.

मग २०२२-२३ पासून ऑफिसात परत या असे मेल यायला लागले. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत आपल्या फक्त २५ टक्के लोकांनाच कुठल्याही एका वेळी ऑफिसात असायची गरज उरेल, त्याला नावसुद्धा छान दिलं होतं, पंचवीस बाय पंचवीस. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनीच पाचही दिवस या म्हणून सांगितलं. इन्फोसिसने महिन्याला १० दिवसांचं धरलं. बाकीच्यांनी आपापलं काही तरी, बहुतेकांनी आठवड्याला तीन दिवस. ज्यांनी गावी घराला नवीन पत्रा घातला होता, इन्व्हर्टर बसवला होता, पोराला तिथल्या शाळेत घातलं होतं, त्यांनी काय करायचं? कुठल्याही कंपनीने हे लिहून दिलेलं नव्हतं. ती मेहेरबानी होती, आणि मेहेरबानी परत घेता येते.

सरकार म्हणेल हा खाजगी कंपन्यांचा अंतर्गत मामला. अहो पण काम कुठे बसून करायचं हे आपल्याकडे सरकार कायम ठरवत आलंय. कॉल सेंटरवाल्यांना घरून काम द्यायचं तर टेलिकॉम खात्याच्या बँक गॅरंटीसकट कितीतरी अटी होत्या, त्या २०२० च्या नोव्हेंबरात एका फटक्यात उडवल्या. एसईझेडमधल्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांना करसवलत मिळते ती कुंपणाच्या आत काम होतं म्हणून, तर तिथल्या लोकांना घरून काम करता यावं म्हणून २०२२ च्या जुलैमध्ये नियमच बदलला, आधी निम्म्या लोकांपर्यंत, मग डिसेंबरात सगळ्यांसाठी. २०१७ मध्ये मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा रजा संपल्यावर दोघांच्या संमतीने घरून काम करायची तरतूद घातलीच की. म्हणजे जागा हा विषय सरकारच्या हातात नाही असं कुणी सांगू नये. एखाद्या कंपनीला जमीन, वीज, स्टॅम्प ड्युटीत सूट देताना राज्य सरकार एक अट घालू शकतं, की तुमचे इतके टक्के लोक अमुक तालुक्यांत राहून काम करतील आणि ते त्यांच्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असेल. कारखाना मागास भागात नेला तर सवलत मिळते ना, मग माणूस मागास भागात ठेवला तर का नाही?

हायब्रिडबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय कारण खरी मेख तिथे आहे. लोकांना वाटतं हायब्रिड म्हणजे मधला मार्ग, थोडं ऑफिस थोडं घर, सगळे खूश. पुण्यात किंवा डोंबिवलीत राहणाऱ्यासाठी असेलही. पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिस याचा देवरुखच्या माणसासाठी अर्थ पूर्ण वेळ पुणं असाच होतो, कारण तीन दिवसांसाठी भाड्याची खोली घ्यावीच लागते आणि दर आठवड्याला घाट चढून-उतरून कोण करणार, तेही पावसाळ्यात कधी कुठला घाट बंद होईल याचा नेम नसताना. मुंबई-गोवा हायवेचं तर नावच काढू नका, २०११ पासून चौपदरीकरण चाललंय. कोकण रेल्वे १९९८ ला सुरू झाली म्हणून मुंबईचा तरी प्रश्न बराच सुटला, पुण्याहून थेट घाट उतरून रत्नागिरीकडे येणारा रेल्वेमार्ग अजून नाही. आता समजा तेच महिन्यातले १० दिवस एकदम मागितले, म्हणजे सलग दोन आठवडे ऑफिस आणि मग दोन-अडीच आठवडे गाव, तारखा दोन महिने आधी सांगितलेल्या, म्हणजे ६० दिवस आधी उघडणारं रेल्वेचं रिझर्व्हेशन तरी मिळेल. ऑफिसचे दिवस तेवढेच राहिले, कंपनीचं काही गेलं नाही, उलट सगळी टीम एकाच वेळी समोर असल्याने जे काय कोलॅबरेशन म्हणतात ते खरंच होईल, नाहीतर आत्ता काय होतं, मंगळवारी हा येतो बुधवारी तो येतो आणि दोघं ऑफिसात बसून एकमेकांशी व्हिडिओ कॉलवरच बोलतात. एका गोष्टीने, म्हणजे दिवस आठवड्यात विखुरले की महिन्यात एकत्र बांधले एवढ्यानेच, माणूस कुठे राहू शकतो हे ठरतं. आणि ही गोष्ट ठरवणाऱ्याच्या डोक्यात गाव नसतंच, त्याच्या डोक्यात बाणेर असतं.

यावर अभ्यासही झालाय आणि तो माझ्या आवडीचा आहे. अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात तपासनीसांना आधी घरून काम करायची परवानगी होती पण आठवड्यातून एकदा तरी ऑफिसात तोंड दाखवायला लागायचं, म्हणजे राहायला जवळपासच हवं. नंतर ही अटही काढली, देशात कुठेही राहा म्हणाले. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या पृथ्वीराज चौधरी आणि सहकाऱ्यांनी त्याचा हिशोब मांडला तर या लोकांचं काम ४.४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. लक्षात घ्या, तुलना ऑफिसवाल्यांशी नाहीये, घरून काम करणाऱ्यांशीच आहे. म्हणजे घरी बसू देणं वेगळं आणि कुठेही राहू देणं वेगळं, आपण दोन्हींची खिचडी करतो.

आता विरोधातले मुद्दे. ते खोटे नाहीत, त्यामुळे झटकून चालणार नाही.

एक म्हणजे फ्रेशर. कॉलेजातून नुकता निघालेला पोरगा किंवा पोरगी जर पहिल्या दिवसापासून गावी बसली तर शिकणार कोणाकडून? आम्ही जे शिकलो ते शेजारच्या खुर्चीवरच्या सीनियरच्या स्क्रीनमध्ये डोकावून, चहाच्या टपरीवर त्याच्या शिव्या खात. मेसेज टाकून विचारायचं तर प्रश्न आधी नीट लिहिता यावा लागतो, आणि नवख्याला नेमकं तेच येत नसतं. शिवाय जो दिसत नाही तो प्रमोशनच्या वेळी आठवत नाही. निकोलस ब्लूम आणि मंडळींनी शांघायच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरवर केलेला जो गाजलेला प्रयोग आहे, २०१५ ला छापून आलेला, त्यात घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं हे सगळे सांगतात, पण तेवढंच चांगलं काम करूनही त्यांना बढत्या कमी मिळाल्या हे कुणी सांगत नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं शहरात काढा असं कुणी म्हटलं तर माझी हरकत नाही. चाळिशीच्या माणसाला, ज्याचे आईबाप ऐंशीकडे झुकलेत आणि ज्याला आता कुणाकडून कोडिंग शिकायचं नाहीये, त्यालाही तोच नियम लावता त्याला माझी हरकत आहे.

त्याच प्रयोगात आणखी एक अट होती, भाग घ्यायचा तर घरात कामासाठी स्वतंत्र खोली हवी. ही अट वाचून मी थोडा वेळ थांबलो. कारण गावात स्वतंत्र खोली कोणाकडे असते? ज्याच्या आजोबांचं चौसोपी किंवा निदान माजघर-पडवी-माळा असलेलं घर आहे त्याच्याकडे. ज्यांना गावात जमीनच नव्हती, गावकुसाबाहेर दोन खोल्यांत ज्यांची तीन कुटुंबं, त्यांच्या पोरांसाठी पुण्यातली दहा बाय दहाची खोली हीच मोकळीक होती, आणि तिथे त्याला कोणी आडनावावरून पाण्याचा तांब्या वेगळा दिला नाही हीसुद्धा. चला गावाकडे म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे विसरू नये. आवडेल तिथे राहा यात जायचं नसेल तर जाऊ नका हेही आलंच.

आणि बायका. इथे मला सगळ्यात जास्त अडखळायला होतं. एकीकडे असं दिसतं की लग्न होऊन चिपळूणला गेली म्हणून जिची मुंबईतली नोकरी सुटायची ती आता सुटत नाही, बाळंतपणानंतर तीन वर्षांचा खड्डा पडत नाही, हे फार मोठं आहे, कमी लेखू नका. दुसरीकडे तीच बाई घरातून काम करते म्हणजे घरातली सगळी तिला घरीच आहे असं धरतात, मीटिंग चालू असताना सासरे चहा मागतात, दुपारी गॅसवाला, कुरिअरवाला, नणंदेची पोरं सगळी तिच्या अंगावर, आणि नवरा पण घरूनच काम करत असतो पण त्याच्या खोलीचं दार लावलेलं असतं. त्याहून अवघड केस लग्नाआधीची आहे. गेली वीस वर्षं आमच्या तालुक्यातल्या मुलींना बाहेर पडायला एक कारण होतं ज्यापुढे बापाचं काही चालत नव्हतं, ते म्हणजे नोकरी पुण्यात आहे. त्या एका वाक्यावर मुली होस्टेलला राहिल्या, स्वतःचं बँक खातं, स्वतःचा मित्रपरिवार, काहींनी स्वतःचं लग्नही स्वतः ठरवलं. आता बाप म्हणू शकतो की लॅपटॉपवरच काम आहे ना, मग इथूनच कर की. तिच्या बाबतीत कुठे राहायचं हे कोणाच्या आवडीने ठरणार? म्हणून नेमणूकपत्रात जागेची निवड लिहायची तर ती कर्मचाऱ्याने दर वर्षी स्वतः बदलू शकेल अशी हवी, आणि ऑफिसातली खुर्ची मागितली तर मिळालीच पाहिजे. ऑफिस पूर्ण बंद करून सगळ्यांना घरी पाठवून भाडं वाचवणाऱ्या कंपन्यांना मी या कारणाने विरोध करतो, त्यांचं कौतुक चालतं तरी.

यावर उपाय घराबाहेर पण गावाजवळ जागा असणं हा आहे. केरळ सरकारने वर्क नियर होम नावाने हेच काढलंय, छोट्या शहरांत सरकारने जागा, नेट, वीज द्यायची आणि लोकांनी तिथे बसून कुठल्याही कंपनीचं काम करायचं, कोट्टारक्करापासून त्यांनी सुरुवात केली. तामिळनाडूत झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने तर तेनकाशीजवळच्या मत्तलमपाराई गावात स्वतःचं ऑफिसच थाटलं, तिचे संस्थापक श्रीधर वेम्बू स्वतः तिथे राहायला गेले. आपल्याकडे अशी जागा बांधायलासुद्धा नको, आहेत. तालुक्या-तालुक्याला सार्वजनिक वाचनालयं आहेत, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी, दगडी इमारत, वर पंखा, सकाळी पेपर वाचणारे चार निवृत्त मास्तर आणि दुपारी कुलूप. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, म्हणजे गिरण्या यायच्याही आधीचं. यातल्या एकेका हॉलमध्ये दहा टेबलं, फायबरची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शन, सोलर आणि बॅटरी, आणि बायकांसाठी नीट स्वच्छतागृह एवढं केलं तर काम होतं. वर्गणी घ्या, कोण नाही म्हणतंय, शहरात लोक को-वर्किंगला हजारो रुपये देतातच की. वाचनालयांना चार पैसे मिळतील, ग्रंथपालाचा पगार वेळेवर होईल आणि मास्तरांना बोलायला नवीन माणसं मिळतील. मुलीला घराबाहेर पडायला कारणही मिळेल.

लाइट आणि नेट याचं रडगाणं मी फार गात नाही कारण सगळ्यांना माहितीये. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ पासूनची आहे, नाव बदलून भारतनेट झालं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डबा लागला, त्या डब्यापासून तुमच्या वाडीपर्यंत मात्र केबलवाला पोऱ्याच येतो, आणि माकडांनी वायर चावली की तोच झाडावर चढतो. खरं तर या सगळ्या व्यवस्थेत ज्याला कधीच वर्क फ्रॉम होम मिळणार नाही असा तो एकटा माणूस आहे आणि सगळ्यांचं वर्क फ्रॉम होम त्याच्यावर उभं आहे. तशीच ती आरोग्य उपकेंद्रातली सिस्टर, एसटीचा कंडक्टर. यांचा पगार आणि यांची संख्या वाढवली नाही तर लॅपटॉपवाले गावात फार दिवस टिकत नाहीत, सिंधुदुर्गातल्या माणसाला काही गंभीर झालं की अजून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटललाच पळावं लागतं ना.

शाळेचं तर उलटंच. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांची माहिती २०२२ मध्ये सरकारने मागवली, मग छोट्या शाळा एकत्र करायच्या समूह शाळांची टूम निघाली. म्हणजे पोरं नाहीत म्हणून शाळा बंद, शाळा नाही म्हणून तरुण कुटुंब येत नाही, कुटुंब येत नाही म्हणून पोरं नाहीत. वाडीत दोन कुटुंबं जरी राहायला आली तरी पटाचा आकडा हलतो हे शिक्षण खात्याच्या कुठल्याच जीआरमध्ये धरलेलं नसतं.

आता एक भीती आहे आणि ती शेजारीच दिसते. गोव्यात २०२० नंतर दिल्ली-बंगळूरचे लॅपटॉपवाले येऊन राहिले, आसगाव, शिवोली, मोयरा, साळगाव या गावांत भाडी अशी चढली की तिथल्याच पोराला लग्नानंतर स्वतःच्या गावात खोली मिळेना. घरमालकाचा तरी काय दोष, बाहेरचा माणूस महिन्याला देतो ते स्थानिक माणूस तीन महिन्यांत देत नाही. दापोली-गुहागर-अलिबागला सेकंड होमच्या जाहिराती बघा, समुद्र दिसणारे एनए प्लॉट, कुंपण, गेट, आत क्लबहाऊस, आणि वर्षातले अकरा महिने कुलूप. ही मंडळी आली म्हणून शाळेचा पट वाढत नाही, फक्त विहिरीतलं पाणी कमी होतं. मला या दोघांत फरक करायचाय. वर्केशनला, म्हणजे लॅपटॉप घेऊन सुट्टीला, येणारा पर्यटक आहे, त्याला पर्यटकासारखंच वागवा, कर लावा, एअरबीएनबीची नीट नोंद करा. जो वर्षातले सहा-आठ महिने राहतो, ज्याची पोरं तिथल्या शाळेत आहेत, ज्याचं रेशनकार्ड-मतदान तिथे आहे, मग तो मूळचा तिथला असो की नसो, तो गावकरी. मूळचाच हवा असं मी म्हणत नाही, नाहीतर पुन्हा मुंबईकर विरुद्ध गाववाले हे शिमग्यातलं भांडण वर्षभर चालायचं. ते भांडण तसंही होणार आहे. ज्याला मीटिंगमध्ये सगळ्यांना म्यूट करायची सवय लागलीय तो ग्रामसभेत आला की काय होतं ते मी बघितलंय.

राहता राहिला पगार. गावात राहायचं तर पगार कमी घ्या, खर्च कमी होतो ना तुमचा, असं आता ऐकू यायला लागलंय, अमेरिकेत गुगलने २०२१ मध्येच ठिकाण बदललं की पगार कमी होऊ शकतो असं कर्मचाऱ्यांना दाखवणारं कॅल्क्युलेटर काढलं होतं. पुण्यात भाडी वाढली तेव्हा कोणी आपणहून पगार वाढवला नाही, पण ते असू दे. कंपनीला जागेप्रमाणे पैसे ठरवायचे असतील तर जागेचा सगळाच हिशोब करू. ऑफिसचं भाडं, कँटीन, कॅब, एसी हा तुमचा खर्च वाचतो तो एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला माझा इन्व्हर्टर, दोन नेट कनेक्शन, कमरेला त्रास न देणारी खुर्ची, महिन्याचं पुण्याला येणं-जाणं आणि तिथे उतरायचा खर्च. ही यादी मी आमच्या एचआरला टाइप करून पाठवलेली आहे, सहीशिक्क्याचं उत्तर आलं की कपातीचं बोलू.